उत्तर येईपर्यंत

लिफ्टचं बटण तिने चौथ्यांदा दाबलं, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "एकदा दाबलं तरी... येते ती."

तिने वळून पाहिलं. एक उंच, सावळा तरुण भिंतीला पाठ टेकून उभा होता. हातात ओली छत्री, खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि चेहऱ्यावर असा निवांतपणा, की लिफ्ट येईपर्यंतचा वेळ त्याला जणू बोनस म्हणून मिळाला होता.

"चार वेळा दाबलं की लवकर येते," ती म्हणाली. "अनुभव आहे माझा."

यावर तो काहीच बोलला नाही. तिने क्षणभर वाट पाहिली — तिचा क्षणभर म्हणजे खरोखरच क्षणभर — आणि तोंड फिरवून पाचव्यांदा बटण दाबलं. लिफ्ट आली. दोघं आत शिरले. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं, ती बाहेर पडली, आणि दार मिटता मिटता आतून आवाज आला, "मोजून... पाहिलंय का कधी?"

आपण हसतोय हे तिला स्वतःच्या टेबलापाशी पोचल्यावर कळलं.

ऑफिसात तिला सगळे घाईताई म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, तिलाही नाही. ती कढत चहा दोन घोटांत संपवायची, समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच पुरं करून टाकायची, आणि समोरच्या भिंतीवर तिने स्वतःच्या अक्षरात लिहून लावलं होतं — 'थांबला तो संपला'. कुणा चावट माणसाने त्याच्या खाली 'अति घाई, संकटात नेई' अशी चिठ्ठी डकवली होती. ती काढून टाकायलाही तिला आजवर सवड झाली नव्हती.

काम तिचं टेस्टरचं. कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. पेशंटने घरबसल्या डॉक्टरांची वेळ घ्यायची, बदलायची, नको असेल तर रद्द करायची. कुठलाही नवा बदल लोकांपर्यंत जाण्याआधी सगळं नीट चालतंय ना, हे बघायला तिने चारशे बारा टेस्ट लिहिल्या होत्या. टेस्ट म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम. तो पेशंटचं सोंग घेतो, नाव भरतो, डॉक्टर निवडतो, बटण दाबतो आणि 'तुमची वेळ पक्की झाली' असं पडद्यावर दिसलं की हिरवा होतो. नाही दिसलं की लाल. बटण दाबल्यावर सर्व्हरकडून उत्तर यायला थोडा वेळ लागतोच, म्हणून तिने सगळ्या टेस्टना बजावून ठेवलं होतं, की तीन सेकंद थांबा आणि मग बघा.

बहुतेक दिवशी तीन सेकंद पुरून उरायचे. पण एखाद्या दिवशी सर्व्हरला सव्वातीन लागायचे, आणि झालं. टेस्ट लाल. पुन्हा चालवली की हिरवी. तिने काही टेस्टमध्ये तिनाचे पाच केले, पाचाचे आठ केले. त्याने एवढंच झालं, की सगळ्या टेस्ट संपायला अडीच तास लागू लागले आणि तरीही रोज चार-दोन लाल व्हायच्याच. लांडगा आला रे आला म्हणून रोज ओरडणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? मॅनेजरबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "हे असंच चालणार असेल, तर त्या टेस्ट बंद केलेल्या बऱ्या."

त्या दिवशी सतरा टेस्ट लाल झाल्या. ती तरातरा चौथ्या मजल्यावर गेली.

"सर्व्हरचं काम कोण बघतं?" तिने दारातूनच विचारलं.

चार जणांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. कोपऱ्यात तो लिफ्टवाला बसला होता.

"अच्छा, तुम्ही," ती म्हणाली. "तुमचा सर्व्हर आज इतका मंद का चाललाय? काल काही बदललंत का? बदललं असणारच. मग मला कळवायला काय झालं होतं? बरं, जाऊ दे. पूर्ववत कधी होईल? संध्याकाळपर्यंत? चालेल."

आणि ती निघालीसुद्धा. जिन्यापर्यंत पोचली तेव्हा मागे पावलं वाजली.

"तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर... तयार झालंय," तो म्हणाला. "देऊ?"

तो कंपनीच्या दुसऱ्या गावातल्या ऑफिसातून आला होता, सहा आठवड्यांसाठी. ते संपले की परत जाणार होता. चौथ्या मजल्याने दोन दिवसांत त्याचं नाव पाडलं — लोडिंग. काही विचारलं की पडद्यावर ते चक्र गोल गोल फिरत राहतं ना, तसा तो गप्प व्हायचा. पण उत्तर यायचं. आणि आलं, की त्यात कापण्यासारखं काही नसायचं.

मॅनेजरबाईंनीच त्याला तिच्या टेस्ट बघायला बसवलं. तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला आणि दहा मिनिटं नुसता पडद्याकडे बघत राहिला. त्या दहा मिनिटांत तिने तीन मेल पाठवले, पेन दोनदा उघडलं-मिटलं आणि त्याच्या शर्टाच्या बाहीवरच्या शाईच्या ठिपक्याकडे बघून घेतलं.

"तुमची टेस्ट... झोपते," तो शेवटी म्हणाला.

"झोपते?"

"तीन सेकंद. डोळे मिटून. उत्तर अर्ध्या सेकंदात आलं तरी... झोपलेलीच. आणि तीन सेकंदांनी उठते, तेव्हा उत्तर आलेलं नसेल, तर रडते."

"मग काय करायचं? तिला अंगाई म्हणायची?"

तो हसला. हसू मात्र त्याला लगेच यायचं, त्याला वेळ लागायचा नाही, हे तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"दाराशी उभं करायचं तिला. सारखं... डोकावून बघायला सांगायचं. संदेश दिसला की त्याच क्षणी पुढे. घड्याळाकडे नाही बघायचं. दाराकडे बघायचं."

"आणि कुणी आलंच नाही तर? उभी राहील बिचारी जन्मभर?"

"नाही. मर्यादा हवीच. वीस सेकंद म्हणू. त्यानंतर... खुशाल लाल."

"म्हणजे तुम्हालासुद्धा मर्यादा कळते म्हणायची."

तो बराच वेळ गप्प राहिला. ती बोलणार होती, पण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी असं होतं, की तिची उत्सुकता तिच्या घाईहून मोठी झाली.

"मला... नव्हती कळत," तो म्हणाला. "कॉलेजात एक मुलगी होती. तिला सांगायचं होतं. योग्य वेळ येईल म्हणून थांबलो. दोन वर्षं. मग तिची पत्रिका आली."

"अरेरे. मग?"

"मग काय... लग्नात पाहुण्यांना सरबत मीच वाटलं."

ती इतकी मोठ्याने हसली, की शेजारच्या टेबलांवरून माना वळल्या. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ऐकलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही तर बाशिंग दुसऱ्याला देऊन मोकळे झालात."

पुढचे तीन आठवडे दोघं रोज दुपारी एकत्र बसले. एकेक टेस्ट उघडायची, 'तीन सेकंद थांब' काढायचं आणि तिथे 'दिसेपर्यंत थांब' लिहायचं. तिला भीती होती, की थांबायला सांगितलं तर सगळं आणखी रेंगाळेल. झालं उलटंच. बहुतेक उत्तरं अर्ध्या सेकंदात यायची, टेस्ट लगेच पुढे सरकायची, आणि अडीच तासांचं काम चाळीस मिनिटांवर आलं. खोटा लाल दिवा तर जवळजवळ नाहीसाच झाला. मॅनेजरबाई तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "शाबास." पाच वर्षांत त्या हा शब्द पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

एका संध्याकाळी ऑफिस सुटताना पाऊस लागला होता. तो दाराशी उभा राहून रस्त्याकडे बघत होता. तिने छत्री उघडली.

"छत्री नाही? या माझ्यात. कुठे, पुलाकडेच ना? मी पण तिकडेच. चला."

त्याने तोंड उघडलं. पण ती दोन पावलं पुढे गेलीसुद्धा होती, तेव्हा तोही मुकाट्याने छत्रीत शिरला. छत्री लहान होती. त्याचा डावा खांदा भिजत होता आणि तिचा उजवा, आणि मधे जी बोटभर कोरडी जागा होती, ती दोघंही फार जपत होते. पुलाशी येईपर्यंत पावसाचा जोर इतका वाढला, की ती म्हणाली, "घर इथेच आहे. ओसरेपर्यंत वर चला. आई चहा करेल."

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खिडकीशी खुर्चीत बाबा बसले होते. बाबांनी एकतीस वर्षं शहरात बस चालवली, आणि त्यांच्यासारखा गप्पिष्ट ड्रायव्हर दुसरा नव्हता. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द अडले. कळायचं सगळं, पण एकेक शब्द आतून ओढून आणावा लागायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की त्यांना बोलायला वेळ द्या.

"नमस्कार काका," तो म्हणाला आणि समोरच्या स्टुलावर बसला.

बाबांचे ओठ हलले. "तु... तु..."

"तुम्हाला चहा हवाय ना? टाकलाय," आई आतून म्हणाली.

"शाल देऊ का बाबा? गार वाटतंय?" ती म्हणाली.

बाबांनी तोंड मिटलं. हे असंच व्हायचं घरात, दिवसातून वीस वेळा, आणि सगळं मायेपोटीच. त्यांना त्रास नको म्हणून दोघी त्यांचं वाक्य उचलून घ्यायच्या, आणि बाबा मान हलवून मोकळे व्हायचे, बरोबर असो की चूक.

तो मात्र बाबांकडे बघतच राहिला. गुडघ्यांवर हात ठेवून, पुढचा शब्द येणारच आहे अशा खात्रीने. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. बाबांनी पुन्हा ओठ उघडले. दहा सेकंद गेले. पंधरा. तिला राहवेना, ती खुर्चीतून अर्धी उठली, आणि त्याने गुडघ्यावरचं एक बोट जरासं उचललं. थांब.

"तुम्ही... दोघं," बाबा म्हणाले. "एका... छत्रीत... आलात?"

दोन वर्षांत बाबा एवढं मोठं वाक्य बोलले नव्हते.

"हो काका," तो म्हणाला. "माझी... बॅगेत होती. सांगणार होतो. पण या... निघाल्या."

बाबा हसू लागले. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिच्या डोळ्यांतही पाणी होतं, पण ते हसण्याचं नव्हतं.

तो गेल्यावर ती बाबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. तिला स्वतःची लाज वाटत होती. चारशे बारा टेस्टना तिने थांबायला शिकवलं, आणि जन्मदात्या बापाला तीन सेकंदांची मुदत देत आली होती. बाबांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. बाबांना राग आलेला नव्हता, आणि त्यानेच तिला आणखी रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ती चौथ्या मजल्यावर त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. "काल... बाबा..." एवढंच बोलली आणि पुढे शब्दच फुटेनात. तो खुर्ची वळवून तिच्याकडे बघत राहिला. त्याला कसलीच घाई नव्हती.

"थँक्यू," ती शेवटी म्हणाली.

"बराच... वेळ लागला."

"गप्प बस," ती म्हणाली, आणि ती त्याला एकेरीत 'बस' म्हणाली हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. त्याचे कान लाल झाले. खालच्या मजल्यावर परत जाताना ती लिफ्टऐवजी जिन्याने गेली, उगाच, एकेक पायरी मोजत.

मग तो आठवड्यातून दोन-तीनदा घरी येऊ लागला. निमित्त पेपरातल्या शब्दकोड्याचं. तो प्रश्न वाचायचा, बाबा उत्तर शोधायचे, आणि शब्द ओठांवर येईपर्यंत दोघं खिडकीबाहेर बघत बसायचे. आई स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायची. आपल्याला उत्तर येत असलं तरी ती हूं की चूं करायची नाही. एकदा बाबांनी 'पायवाट' हा शब्द एका दमात म्हटला, तेव्हा आईने गॅस बंद केला आणि पदर डोळ्यांना लावला. त्या घरात जे परत आलं होतं, त्याची परतफेड कशानेच होण्यासारखी नव्हती. लेक फक्त दारात उभी राहून त्याच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बघायची.

आणि सहा आठवडे संपत आले.

मॅनेजरबाईंनी त्याला विचारलं होतं, "इथेच कायमचा राहतोस का? शुक्रवारपर्यंत सांग." ही गोष्ट दोन्ही मजल्यांना माहीत होती. तिला वाटलं, तो आज बोलेल. तो शब्दकोडं सोडवून गेला. मग वाटलं, उद्या बोलेल. दुसऱ्या दिवशी तो जिन्यात थांबला, तिच्याकडे बघितलं, "ते... एक..." म्हणाला, आणि तेवढ्यात वरून कुणी हाक मारली म्हणून गेला. गुरुवारी संध्याकाळी ती बाबांची औषधं आणायला बाहेर गेली होती. परतली तेव्हा तो आणि बाबा शब्दकोडं बाजूला ठेवून गप्प बसले होते. तिला बघून तो उठला आणि येतो म्हणून निघून गेला. जाणारच आहे हा, तिच्या मनाने घेतलं. बाबांचा निरोप घेतला असेल, माझा घ्यायचं धाडस होत नसेल.

शुक्रवारी सकाळी ती चप्पल घालत असताना बाबा म्हणाले, "तुला... एक..."

"संध्याकाळी, बाबा. उशीर होतोय," ती म्हणाली आणि जिना उतरलीसुद्धा. एवढं शिकून झालं तरी सवय ती सवय. मन धास्तावलं की आधी तीच परत येते.

अकराच्या सुमाराला तो पँट्रीत पाण्याचा ग्लास भरत होता. दुसरं कुणी नव्हतं. तिने दार लोटलं आणि सरळ विचारलं, "राहणार आहेस की जाणार आहेस?"

त्याने ग्लास खाली ठेवला. तिच्याकडे बघितलं. ओठ किंचित उघडले, मिटले. नळातून एक थेंब पडला, मग दुसरा. आणखी एक थेंब पडेपर्यंत थांबणं तिला अशक्य झालं.

"कळलं मला," ती म्हणाली. "जाणार आहेस. साहजिकच आहे. तुझं घर तिकडे, माणसं तिकडे. बाबांसाठी जे केलंस, ते मी कधी विसरणार नाही. नीट जा."

"अगं, ऐक..."

पण तोवर दार मिटलं होतं.

जागेवर येऊन तिने डोळे कोरडे केले आणि कामाला लागली. आता एकच टेस्ट उरली होती. घेतलेली वेळ पेशंटने रद्द केली की ती खरंच रद्द होते का, हे बघणारी. ती दोघांनी शेवटी ठेवली होती, कारण तिला हात लावायची गरजच नव्हती. लिहिल्यापासून दोन वर्षांत ती एकदाही लाल झाली नव्हती. घाईताईची सगळ्यात गुणी टेस्ट. तिने ती उघडली, वरून खाली वाचली, आणि एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

त्या टेस्टमध्ये थांबणंच नव्हतं. तीन सेकंदही नाही. टेस्ट सर्व्हरला विचारायची, 'रद्द झाली का?' आणि त्याने काही सांगायच्या आत स्वतःच 'झाली' असं धरून हिरवी व्हायची. दोन वर्षं तिने प्रश्न विचारला होता आणि एकदाही उत्तर ऐकलं नव्हतं.

तिने ओळीत एक शब्द घातला. त्याचा अर्थ एवढाच, की उत्तर येईपर्यंत थांब. आणि टेस्ट चालवली. चार सेकंदांनी ती लाल झाली. पुन्हा चालवली, पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही. हा लांडगा खरा होता. पेशंटला 'रद्द झाली' असं दिसायचं, पण डॉक्टरांच्या यादीत त्याचं नाव तसंच राहायचं. कुठेतरी एखादा डॉक्टर कधीच न येणाऱ्या पेशंटची वाट बघत बसत असणार.

तिने मॅनेजरबाईंना कळवलं, नवा बदल बाहेर जायचा थांबवला, आणि मग हात मांडीवर ठेवून त्या लाल ओळीकडे बघत बसली. मघाशी पँट्रीत मी काय केलं? हेच केलं. विचारलं, आणि उत्तर स्वतःच देऊन हिरवी होऊन निघून आले. हिरवी कसली, रडून रडून लालच.

ती उठली आणि जिन्याने वर धावली. कोपऱ्यातलं टेबल रिकामं होतं. लॅपटॉप नाही, बॅग नाही.

"लोडिंग? आत्ताच गेला की, बॅग घेऊन," शेजारचा म्हणाला.

ती खाली धावली, थेट फाटकापर्यंत. रस्त्यावर भुरभुर पाऊस होता आणि ओळखीचं कुणी नव्हतं. तिथे किती वेळ उभी होती कोण जाणे. मग ओल्या केसांनी, जड पायांनी परत तिसऱ्या मजल्यावर आली.

तो तिच्या टेबलाशेजारच्या खुर्चीवर बसला होता. बॅग पायाशी. पडद्यावरची लाल ओळ वाचत होता.

"चांगली... सापडली," तो म्हणाला.

तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसली. धाप लागली होती, तरी शब्द एकेक करून म्हणाली, "मघाशी मी तुला विचारलं आणि उत्तर न ऐकताच निघून आले. चुकलं माझं. आता परत विचारते. राहणार आहेस की जाणार आहेस? तुला पाच मिनिटं आहेत. मी मधे एक शब्द बोलणार नाही."

आणि ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदा घड्याळाकडे न बघता, नुसती त्याच्या चेहऱ्याकडे बघत. त्याच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. बाहीवर आजही शाईचा ठिपका होता. हे सगळं ती आजवर कधी पाहू शकली नव्हती, कारण एवढ्या वेळात ती दुसऱ्या मजल्यावर पोचलेली असायची.

"मी... बुधवारीच सांगितलंय मॅनेजरबाईंना," तो म्हणाला. "राहतो म्हणून."

तिचं तोंड उघडलं. तिने ते हाताने दाबून धरलं.

"तुला सांगायचं होतं. दर वेळी... तुमच्या जिन्यात वाक्य जुळवत यायचो. वर आलो की तू दार उघडायचीस, आणि... सगळं जायचं." तो थांबला. ती थांबली. "मला वाटलं, परत सरबत वाटायची वेळ येणार. म्हणून काल बाबांना सांगितलं. की मला ती... आवडते. फार."

हातामागून तिच्या घशातून काहीतरी आवाज आला, पण तो शब्द नव्हता, म्हणून चालण्यासारखं होतं.

"बाबांना दोन मिनिटं लागली," तो म्हणाला. "मग म्हणाले, लवकर सांग... तिला थांबता येत नाही."

ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना.

"आता तू सांग," तो म्हणाला. "मी थांबतो. कितीही वेळ... नाही, कितीही नको. वीस सेकंद—"

"हो," ती म्हणाली.

त्याला ते ऐकू आलं, पण आत पोचायला नेहमीसारखाच वेळ लागला. ते पोचेपर्यंत तिने त्याचा हात हातात घेतला, आणि तो कसा हळूहळू उजळत गेला ते सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. या माणसाच्या संथपणाला, त्या दमलेल्या सर्व्हरला, त्या दिवशीच्या सतरा लाल टेस्टना तिने मनातल्या मनात हात जोडले. त्यातलं एक जरी वेळेवर चाललं असतं, तरी ती चौथ्या मजल्यावर कशाला गेली असती?

संध्याकाळी दोघं मिळून घरी आले. आईने दार उघडलं, दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि काही न विचारता बाजूला झाली. ती चप्पल काढून सरळ बाबांच्या खुर्चीशी जाऊन बसली.

"बाबा, सकाळी मी ऐकलं नाही. काय सांगत होतात?"

बाबांनी ओठ ओले केले. आईने हातातलं फडकं घट्ट धरलं होतं, पण बोलली नाही.

"तो... आज... विचारेल," बाबा म्हणाले. मधे कितीतरी वेळ गेला. "तुला... पटलं नाही... तर... नाही म्हण. पण... पूर्ण... ऐकून घे."

"ऐकलं, बाबा," ती म्हणाली. "पूर्ण ऐकलं. अगदी शेवटच्या शब्दापर्यंत." तिने त्यांचा उजवा हात हातात घेतला. "आणि तुम्ही मला एवढी दोन वर्षं सांभाळून घेतलंत, ते आता कळतंय."

बाबांनी डाव्या हाताने तिचा गाल थोपटला. मग त्यांची नजर तिच्यावरून त्याच्याकडे गेली आणि परत तिच्याकडे आली. प्रश्न अख्खा डोळ्यांतच होता.

"मी लगेच हो म्हटलं," ती म्हणाली.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. ओठांचा एक कोपरा थरथरला, शब्द वर यायला लागला, आणि तो येईपर्यंत सगळे थांबले.

"इतक्या... लवकर?" बाबा म्हणाले.

आधी आई हसली.